कायम वास्तव्याला भाषा किती लागते?

मुलाची जर्मनीतली नोकरी इंग्रजीत चालते, म्हणजे कायम वास्तव्याचा परवानाही (मुदतीविना राहण्याची कायदेशीर मुभा) जर्मन न शिकता मिळेल, असा समज पाचोडकडच्या घरांतही आढळतो. तसे नाही. त्यासाठी साधारणपणे जर्मनची ‘बी-१’ पातळी (रोजचे व्यवहार स्वतः निभावण्याइतकी भाषा) लागते. पांडित्य कोणी मागत नाही. पाचोडच्या बाजारात मोसंबीचा भाव ठरवता यावा, वजनात खोट दिसली तर हुज्जत घालता यावी, एवढेच. इतर अटी पुऱ्या असतील, तर ‘ब्लू कार्ड’वाल्याला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदार) ‘बी-१’वर २१ महिन्यांत हा परवाना मिळू शकतो, प्राथमिक ‘ए-१’वर २७ महिन्यांनी. गंमत म्हणजे, आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यातही परदेशी अर्जदाराला भाषेची अट आहे. तिथे मराठी चालते. इंग्रजी नाही, कारण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.