आंबा पिकतो कसा: इथिलीन, कार्बाइड आणि बाजारातले गैरसमज

झाडावरून उतरवल्यावरही फळ जिवंत असते. ते श्वसन करते, साठवलेले अन्न खर्च करते आणि पाणी गमावते. आंबा, केळी, पपई, चिकू, फणस, सीताफळ ही फळे तोडल्यानंतरही पिकतात. पिकण्याची वेळ आली की त्यांचे श्वसन झपाट्याने वाढते आणि फळ इथिलीन नावाचा वायू सोडू लागते. हा वायू वनस्पतींचे संप्रेरक आहे. त्याच्या प्रभावाने स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो, सालीचा हिरवा रंग जातो आणि सुवास येतो. पिकणारी सफरचंदे हा वायू स्वतः तयार करतात, हे रिचर्ड गेन या संशोधकाने १९३४ साली दाखवून दिले. द्राक्षे, डाळिंब, मोसंबी, अननस यांचे तसे नाही. ती तोडली तेव्हा जेवढी गोड होती, त्याहून गोड होत नाहीत.

एवढे शालेय विज्ञान ठाऊक असूनही दर उन्हाळ्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येते: ‘हल्ली सगळे आंबे केमिकलने पिकवलेले, म्हणजे विषच.’ या वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक कॅल्शियम कार्बाइड, ज्यावर कायद्याने बंदी आहे. दुसरे इथिलीन, ज्याला कायद्याची परवानगी आहे आणि जे आंब्यात मुळातच असते.

कॅल्शियम कार्बाइड हा करड्या रंगाचा, खड्यांसारखा पदार्थ. वेल्डिंगच्या कामाचा. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. ॲसिटिलीनही फळ पिकवतो, पण इथिलीनपेक्षा कितीतरी क्षीणपणे. खरा धोका कार्बाइडमधल्या अशुद्ध घटकांचा आहे. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. पुडी फळांना चिकटून ठेवली की ते सालीवर उतरू शकतात आणि पेट्या भरणाऱ्या कामगारांच्या श्वासातही जातात. चक्कर, उलटी, घशाची आग, गिळायला त्रास, त्वचेवर जखमा असे परिणाम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोंदवले आहेत. २०११ च्या विक्री प्रतिबंध विनियमांत कार्बाइडने पिकवलेली फळे विकायला स्पष्ट मनाई आहे, आणि त्याआधीच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही ती होती. याबाबत शंका घ्यायला जागा नाही. कार्बाइड वापरणारा गुन्हा करतो.

इथिलीनची गोष्ट वेगळी आहे. त्याच प्राधिकरणाने फळे पिकवण्यासाठी इथिलीन वायूला दहा लाखांत १०० भाग या मर्यादेपर्यंत परवानगी दिली आहे आणि २०१८ साली त्यावर सविस्तर मार्गदर्शक टिपणही काढले आहे. रायपनिंग चेंबरमध्ये आंबा साधारण २० ते २२ अंश सेल्सिअसला ठेवतात, हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राखतात आणि सुमारे एक दिवस हा वायू सोडतात. मधूनमधून हवा बदलावी लागते, कारण फळांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठला तर पिकणे अडते. बाहेरून दिलेल्या इथिलीनचे काम फक्त सुरुवात करून देण्याचे. पुढे फळ स्वतःचे इथिलीन बनवते आणि आपल्या गतीने पिकते. वायू हवेत विरून जातो, फळात साठून राहत नाही.

अढी तरी वेगळे काय करते? भाताच्या पेंढ्यात आंबे थर लावून ठेवले की ऊब टिकते आणि आंब्यांनी सोडलेला वायू त्यांच्याभोवतीच कोंडला जातो. एक आंबा पिकू लागला की शेजारचेही पिकतात. कोकणातल्या बागायतदारांना हे इथिलीनचे नाव कळण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. धुराच्या खोलीत केळी पिकवण्याच्या जुन्या पद्धतीतही धुरातले इथिलीनच काम करत असे. म्हणजे अढी ‘नैसर्गिक’ आणि चेंबर ‘रासायनिक’ ही विभागणी टिकत नाही. दोन्हीकडे रेणू तोच असतो. अढीचा आंबा मागे टाकण्याजोगा आहे असे मुळीच नाही. पण पेंढा ओला असेल, पेट्या दाटीने भरलेल्या असतील आणि बाहेर कडक ऊन असेल, तर अढीतही देठकुज आणि करपा पसरतो. चेंबरमध्ये तापमान हातात असते, एवढाच त्याचा मोठा फायदा.

गोंधळाचे आणखी एक कारण म्हणजे पुड्या. काही व्यापारी पेटीत इथेफॉनची छोटी पाकिटे ठेवतात. त्यातून इथिलीन सुटते. पाकीट फळाला थेट लागणार नाही, या अटीवर नियमांत हे चालते. इथेफॉनच्या पाण्यात फळे बुडवणे मात्र चालत नाही. ग्राहक पेटी उघडतो, पुडी दिसते आणि ‘कार्बाइड सापडले’ असा व्हिडिओ फिरू लागतो. कार्बाइड ओळखणे अवघड नाही. त्याला लसणासारखा उग्र वास असतो, पाण्याचा थेंब पडला की ते फसफसते आणि खाली पांढरा चुना राहतो. अशी पुडी सापडली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. दोन्ही पदार्थांना सरसकट ‘केमिकल’ म्हटल्याने प्रामाणिक चेंबरवाल्याची बदनामी होते आणि खरा कार्बाइडवाला गर्दीत निसटतो. हा गैरसमज म्हणूनच चीड आणणारा आहे. त्यातून ग्राहकाचे रक्षण तर होत नाहीच.

दिसायला पिवळाधमक, चिरला तर आत पांढुरका आणि आंबट, असा आंबा हाती आला की दोष ‘पावडर’ला दिला जातो. कार्बाइडने साल लवकर रंग धरते आणि गर मागे राहतो, हे खरे. पण मूळ दोष बहुधा त्याआधीचा असतो: आंबा कोवळा उतरवलेला असतो. फळ झाडाला असेपर्यंतच पानांकडून त्याला अन्न मिळते. देठ तुटला की आत साठलेल्या स्टार्चवरच सारे अवलंबून. तो पुरेसा नसेल तर अढी, चेंबर किंवा कार्बाइड, कशानेही गोडी येणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात मिळणारा चढा भाव हेच कोवळी तोड होण्याचे मोठे कारण आहे. तयार हापूसचे खांदे भरून देठाच्या वर येतात आणि देठाजवळ खळगा पडतो. बागायतदार ज्याला चौदा आणे तयार म्हणतात, तो आंबा झेल्याने अलगद, थोडा देठ ठेवून उतरवायचा. देठ राखला की चीक सालीवर ओघळत नाही आणि डाग पडत नाहीत.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे झाडावर पूर्ण पिकलेला आंबाच सर्वांत चांगला. हापूसच्या बाबतीत तो फसवा आहे. झाडावर जास्त काळ राहिलेल्या हापूसमध्ये साका होण्याचे प्रमाण वाढते. गर फिका, स्पंजासारखा आणि आंबट होतो, बाहेरून काही कळत नाही. कोय फळातच रुजण्याच्या तयारीला लागते, त्याच्याशी साक्याचा संबंध असल्याचे बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील संशोधनातून पुढे आले आहे.

‘पाण्यात बुडाला तर नैसर्गिक, तरंगला तर कार्बाइडचा’ ही चाचणीही चुकीच्या कामाला लावली जाते. आंबा बुडतो तो त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे, आणि तयार आंब्याची ती असते. काढणीनंतर कोवळी फळे वेगळी काढायला ही पद्धत उपयोगी आहे. तयार आंबा कार्बाइडमध्ये पिकवला तरी तो बुडेलच. खाण्याआधी आंबे पाण्यात ठेवण्याने सालीवरचा चीक आणि धूळ निघते, त्यासाठी ते जरूर ठेवावेत.

केळ्याचे टोक हिरवे आणि बाकी फळ पिवळे, हे कार्बाइडचे लक्षण नाही. चेंबरमध्ये थंड तापमानाला पिकवलेली केळी त्याच अवस्थेत विक्रीला निघतात.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये ‘टिकतो’ असेही नाही. सुमारे १२ अंशांच्या खाली त्याला थंडीची इजा होते. साल काळवंडते आणि पुढे बाहेर काढला तरी नीट पिकत नाही. आधी पिकू द्यावा, मग थंड करावा. केळ्याची साल फ्रिजमध्ये काळी पडते, पण आतला पिकलेला गर बहुतेक चांगला असतो.

विकिरण केलेला आंबा किरणोत्सारी होत नाही. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर लासलगावच्या केंद्रात कोबाल्टच्या गॅमा किरणांचा मारा केला गेला, तो कोयीतल्या भुंग्यासारख्या किडी परदेशात पसरू नयेत म्हणून. किरण आरपार जातात, फळात काही उरत नाही.

फळांसारखेच गैरसमज वनस्पतिजन्य पेयांबद्दलही आहेत. नीरा सकाळी काढली म्हणून दिवसभर ताजी राहत नाही. भांड्यातले आणि हवेतले यीस्ट लगेच कामाला लागते, म्हणून ती काढतानाच बर्फात गोळा करावी लागते. शहाळ्याचे पाणी आत असेपर्यंत निर्जंतुक असते, फोडल्यावर नाही. उसाचा रस काळपट होतो तो मुख्यतः उसातल्याच विकरांमुळे. लिंबू पिळल्याने त्यांचा वेग मंदावतो, जंतू मात्र मरत नाहीत. कोकम सरबतात सोडियम बेंझोएट आहे म्हणजे ते निकृष्ट, असेही नव्हे. आंबट पेयात ते ठरलेल्या मर्यादेत वापरायला परवानगी आहे. आंब्याच्या स्क्वॅशमध्ये चालणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमात टाळतात, कारण त्याने कोकमाचा लाल रंग उडतो.