चंद्रावरचा पट्टा आणि घरातली ट्रंक

अंतराळवीरांच्या वस्तूंचं म्युझियम म्हटलं की डोळ्यांसमोर भलामोठा पांढरा सूट येतो. पण एका साध्या पट्ट्याची गोष्ट ऐकलीय का?

जुलै 1969. चंद्रावर फिरून आलेल्या नील आर्मस्ट्राँग यांना यानात पाठ टेकायची होती. पलंग नव्हताच. त्यांनी इंजिनाच्या झाकणावर अंग टाकलं आणि कमरेला अडकवायच्या पट्ट्याची झोळी करून त्यात पाय ठेवले! परतताना तो पट्टा इतर किरकोळ सामानासोबत एका पांढऱ्या कापडी पिशवीत भरला. ‘यात नुसतं भंगार आहे,’ अशा अर्थाचं ते सहकाऱ्याला म्हणालेही.

ही पिशवी पुढे त्यांच्या घरच्या कपाटात पडून राहिली. 2012 मध्ये ते गेले. त्यानंतर ती पत्नीच्या हाती लागली. वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियमच्या तज्ज्ञांनी मोहिमेतलं संभाषण आणि कागदपत्रं ताडून पाहिली, तेव्हा कुठे ‘भंगारा’ची ओळख पटली. नोंद होती म्हणून पट्टा वाचला.

जपणंही सोपं नसतं. सुटातलं रबर वर्षांगणिक कडक होतं, तडकतं. म्हणून आर्मस्ट्राँग यांचा सूट 2006 मध्ये प्रदर्शनातून काढला, तो पुन्हा दिसला थेट जुलै 2019 मध्ये. आपल्या राकेश शर्मा यांचा 1984 च्या मोहिमेतला सूट दिल्लीच्या नेहरू तारांगणाने जपलाय.

‘आमचा काय संबंध?’ असं पेण-रोह्यात बसून म्हणू नका! पेणच्या गणपती कारखान्यात आयुष्य घालवलेल्या आजोबांचा रंगाने माखलेला पंचा, धाटाव एमआयडीसीतल्या पहिल्या नोकरीचा बाबांचा बिल्ला, आजीच्या लग्नातला कमरपट्टा. ट्रंकेत असं काहीतरी नक्की असेल. आणि आपल्याकडचा पाऊस, ती दमट हवा! बुरशी आणि गंज वाट बघत बसलेत.

तेव्हा एवढंच करा. कापडी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुऊन वाळवलेल्या सुती कापडात गुंडाळा. टाचण्या, पिना काढून टाका. पावसाळा सरला की सावलीत वारं लागू द्या. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा: कुणाची, कधीची, कशासाठी वापरली.

ही माहिती सांगणारी माणसं आज घरात आहेत. आजच विचारा. नाहीतर उद्या त्या वस्तूला भंगार म्हणणारे आपणच असू.