गावाच्या जंगलाचा कारभार ग्रामसभेकडे: सामूहिक वनहक्काचा दावा कसा करावा

आपले गाव जंगलाला लागून असेल आणि पिढ्यान् पिढ्या बांबू, मोह, तेंदूपाने, डिंक, मध तिथूनच येत असेल, तर वनहक्क कायदा 2006 नुसार त्या जंगलाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आपल्या ग्रामसभेला मागता येतो. हा कायदा म्हणजे संयुक्त वन व्यवस्थापन नव्हे. 1990 पासूनच्या त्या व्यवस्थेत गावाची समिती वनविभागाला साथ देते. इथे हक्क गावाचा असतो आणि निर्णय ग्रामसभेचा.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी हे एक. पण हक्काचा कागद हातात येऊनही बांबू गावाबाहेर विकायला नेण्यासाठी वाहतूक परवाना मिळेना. बांबू झाड की गौण वनोपज, असा वाद होता, जरी कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजातच लिहिलेला आहे. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. 2012 च्या सुधारित नियमांनुसार आता हा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. या वनोपजावर स्वामित्वधन किंवा शुल्कही लागत नाही. (‘गौण’ हा कायद्याचा शब्द आहे. जंगलाकाठच्या अनेक घरांत वर्षाची मुख्य रोकड याच ‘गौण’ मालातून येते.)

हक्काबरोबर राखणही येते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. बांबू विकून तिथे गावातच मजुरी मिळू लागली. तेंदूपाने मात्र ग्रामसभेने तोडायची नाहीत असे ठरवले. चांगली पाने मिळावीत म्हणून फांद्या छाटतात, आग लावतात, त्याने जंगलाचे नुकसान होते, हे त्यांचे कारण. तेंदूचा हंगाम म्हणजे रोख पैसा. तो सोडणे सोपे नसते, आणि प्रत्येक गावाने तो सोडावा असेही कायदा सांगत नाही. काय तोडायचे, किती, केव्हा, हे ग्रामसभेने ठरवायचे आणि व्यवस्थापन आराखड्यात लिहायचे.

दावा करताना

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गटग्रामपंचायतीत अनेक गावे असली तरी आपल्या गावाची, पाड्याची ग्रामसभा वेगळी भरवता येते. ती 10 ते 15 सदस्यांची वनहक्क समिती निवडते, त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. सभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. ही गणसंख्या नसताना केलेला ठराव पुढे अडचणीत येतो, म्हणून सह्या-अंगठे काळजीपूर्वक घ्यावेत.

मग हद्द ठरवणे. नाले, टेकड्या, देवराई, गुरांच्या वाटा अशा खुणांवरून नकाशा तयार करावा. शेजारच्या गावांना बोलावून हद्द त्यांच्यासमोरच पक्की करावी. पुरावे किमान दोन लागतात. निस्तारपत्रक, जुने सरकारी नकाशे व नोंदी, तसेच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन चालते.

अर्जाचे तीन नमुने आहेत आणि सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. पहिला वैयक्तिक शेतजमिनीसाठी, दुसरा सामूहिक वापराच्या हक्कांसाठी (चराई, मासे, वनोपज), तिसरा सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षण-व्यवस्थापनासाठी. मराठी कागदांत त्यांना सहसा अ, ब, क म्हणतात, हिंदी कागदांत क, ख, ग. म्हणजे मराठीतला ‘क’ हा तिसरा, तर हिंदीतला ‘क’ पहिला! मध्य प्रदेश, छत्तीसगड अशा राज्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांनी अक्षर न पाहता नमुन्याचे शीर्षक वाचावे. केवळ दुसरा नमुना भरला तर वापराचा हक्क मिळेल, कारभाराचा नाही. नमुने उपविभागीय समितीकडून विनामूल्य मिळायला हवेत.

ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अंतिम मान्यता जिल्हास्तरीय समितीची असते. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येते. त्यासाठी दावा दिल्याची पोच आणि निर्णयाची लेखी प्रत जपून ठेवावी.