आडवाटेने आलेली माणसे

भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला निघालेला पर्यटक तेवर गावाकडे ढुंकूनही पाहत नाही. जबलपूरपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवरचे हे गाव म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. १९५२ मध्ये इथे उत्खनन झाले ते सागर विद्यापीठाकडून. खणणारे होते डेक्कन कॉलेजच्या परंपरेत तयार झालेले मोरेश्वर गंगाधर दीक्षित, आणि अहवाल १९५५ मध्ये छापला नागपूरच्या सरकारी छापखान्याने. त्याच वर्षी वासुदेव विष्णु मिराशी यांचा कलचुरी-चेदी कोरीव लेखांचा दोन भागांतला खंडही बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जुन्या मध्य प्रदेशाची फाळणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली आणि जबलपूरच्या पदरात उच्च न्यायालय पडले. आजही बिल्हारीचा कलचुरी शिलालेख पाहायचा तर नागपूरचे संग्रहालय गाठावे लागते.

मिराशी पेशाने संस्कृतचे प्राध्यापक. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवायचे, पुढे तिथले प्राचार्य झाले. पुराभिलेख वाचणे हे त्यांच्या नेमणूकपत्रात कुठेच नव्हते. त्यांच्या आधी ज्यांनी या प्रदेशातले लेख गोळा केले ते रायबहादूर हिरालाल तर कटनीचे, हिंदीभाषक. शिक्षक म्हणून नोकरीला लागले, शिक्षण खात्यातून १९०१ च्या जनगणनेच्या आणि मग गॅझेटियरच्या कामावर गेले, डेप्युटी कमिशनर होऊन निवृत्त झाले. या धावपळीत त्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेखांची सूची १९१६ मध्ये काढली, रसेलसाहेबांबरोबर जातिजमातींचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९२६ मध्ये संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचीही दिली. शिक्षक, अधिकारी, इतिहासकार, सूचिकार ही चारही कामे एकाच माणसाच्या आयुष्यात बसली. आजच्या भरतीच्या नियमांत हिरालाल यांना यातले नेमके कोणते पद मिळाले असते, हे मला सांगता येत नाही.

संगीतातही अशी आडवाटेने आलेली माणसे दिसतात. विष्णु नारायण भातखंडे एलएल.बी. होऊन वकिली करत होते. १९०८ च्या उत्तरेकडच्या प्रवासात ते जबलपूरलाही येऊन गेले. गवय्यांना भेटायचे, बंदिशी टिपून घ्यायच्या, हा त्यांचा दिनक्रम. पुढे वकिली सुटली, हिंदुस्थानी संगीतपद्धतीचे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर लखनौचे प्राचार्य झाले आणि पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू. हे विश्वविद्यालय १९५६ मध्येच निघाले. ज्या विद्येसाठी शिष्याला गुरूच्या घरी पाणी भरावे लागे, तिच्यासाठी आता कुलगुरूची खुर्ची आली. ही खुर्ची आणली एका वकिलाने, हे विसरून चालत नाही.

ग्रंथालयांचे तर विचारूच नका. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लगेच कंटाळले. परत शिकवायला घ्या म्हणून मागे लागले. लंडनला जाऊन या, तरीही मन रमले नाही तर पूर्वीची जागा देऊ, असे ठरले. ते गेले आणि ग्रंथपाल होऊनच परतले. १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आली. मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४४ मध्ये दिली, तीही अशाच ध्यासापोटी.

ही सगळी माणसे घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारी होती, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते अर्धेच खरे. बहुतेकांना घरचे खायला घालणारी पक्की नोकरी किंवा पेशा होता, म्हणूनच भाकऱ्या भाजता आल्या. संध्याकाळ मोकळी होती, पगार एक तारखेला होत होता, निवृत्तीनंतर पेन्शन होते. व्यासंगाची ही आर्थिक बाजू आपल्या चरित्रग्रंथांत सहसा येत नाही.

आडवाट सगळ्यांना खुली होती असेही नाही. कॉलेज, प्रांताची सचिवालये, संस्थानांचे दरबार यांच्याशी ओळख असलेल्यांनाच ती सापडायची, आणि ते बहुतेक पुरुष, बहुतेक वरच्या जातींतले. जबलपूरच्या उत्तरेला गोहलपूर आहे. बिडी वळणाऱ्यांची आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांची वस्ती. तिथल्या मुलीला मॉरिस कॉलेजातल्या ओळखीपाळखींचा काय उपयोग? तिला ग्रंथपाल व्हायचे असेल तर बी.लिब., एम.लिब. करून नेट उत्तीर्ण होणे, ही ओळख न लागणारी वाट आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेला मी सहज नावे ठेवू शकत नाही. तिने पूर्वीची आडवाट बुजवली खरी, पण ज्यांना ती वाट माहीतच नव्हती, त्यांच्यासाठी एक दारही केले.

प्रश्न दारापलीकडचा आहे. मध्य प्रदेशात शाळांमध्ये आधी शिक्षाकर्मी आले, मग संविदा शिक्षक, मग अध्यापक संवर्ग. काम तेच, नाव आणि पगार वेगळे. सरकारी महाविद्यालयांत आहेत ते मानधनावरचे ‘अतिथी विद्वान’. प्राध्यापकच नव्हे, ग्रंथपालही याच नावाने घेतले जातात. कित्येक वर्षे त्यांना दिवसाला १५०० रुपये मिळत, तेही कामाच्या दिवसांचे; सप्टेंबर २०२३ मध्ये महिन्याला ५० हजारांपर्यंत मानधनाची घोषणा झाली. २०१७ च्या जाहिरातीतून लोकसेवा आयोगाने निवडलेले साहाय्यक प्राध्यापक २०१९ मध्ये रुजू झाले, तेव्हा त्यांच्या जागांवर वर्षानुवर्षे शिकवणारे ‘फॉलेन आउट’ ठरले. हा शब्द मी बनवलेला नाही. ते स्वतःच आपल्याला असे म्हणतात. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या थंडीत ते भोपाळच्या शाहजहानी पार्कात धरणे धरून बसले होते.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. तिथल्या ग्रंथपालाला तुटपुंजा का होईना पगार ठरला. असा कायदा करणाऱ्या राज्यांच्या यादीत मध्य प्रदेश नाही. त्यामुळे गोहलपूरच्या त्या मुलीपुढे महाविद्यालय, विद्यापीठ, केंद्रीय विद्यालय किंवा खासगी शाळा हेच मुख्य पर्याय उरतात. संगीत विशारद झालेल्याचे गणितही वेगळे नाही: शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघेपर्यंत घरोघरी शिकवण्या.

कलचुरींच्या लेखांचे वाचन अजून संपलेले नाही. मिराशींनी ज्यांचे ठसे घेतले त्यांतले काही दगड उघड्यावर आहेत, आणि तेवरच्या परिसरात शेतात अजूनही मूर्ती सापडतात. हे लेख वाचायला संस्कृत, लिपी आणि दहा वर्षांची उसंत लागते. मिराशींना ती उसंत प्राध्यापकाच्या पगाराने दिली. ज्याची जागा कधी जाईल याचा नेम नाही, त्याला ती कोण देणार?