हैदराबादचा फुटबॉल : तेव्हाचा आणि आताचा

भाताची कापणी आटोपली, की आपल्या गावांतील मोकळ्या शेतांत इकडे दोन दगड, तिकडे दोन दगड मांडून मुले चेंडूमागे धावू लागतात. परवा असाच एक सामना पाहत आम्ही बांधावर उभे होतो. शेजारी गावातील एक वृद्ध गृहस्थ होते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी मुंबईच्या कुपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिलेले. एका मुलाने चेंडू पायातच घोळवीत ठेवला व अखेर गमावला, तेव्हा ते उद्गारले, "फादर, रहीमसाहेब असते तर ह्याला आज बाहेर बसवले असते!" जवळच्या तरुणांपैकी एकाने विचारले, "म्हणजे ‘मैदान’ चित्रपटातले का?" २०२४ मध्ये तो चित्रपट निघाला नसता, तर हा प्रश्नही कोणी विचारला नसता.

सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे ते पदवीधर. काचीगुडा येथील शाळेत त्यांनी शिकविले. मनमाडहून जाणारी गाडी ज्या काचीगुडा स्थानकात थांबते, तोच हा भाग. मराठी कुटुंबे तेथे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. पुढे रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि तेथील शहर पोलीस संघ त्यांनी घडविला. ह्या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. १९५० मध्येच कलकत्त्याच्या मोहन बागान संघास हरवून त्याने ड्युरँड चषकही पटकाविला. संघातील गडी बहुधा साधे शिपाई. नोकरी पोलिसांत, सराव मैदानावर आणि पगार महिन्याच्या महिन्यास. घरच्या चुलीची चिंता नाही, म्हणून मन खेळात. ही व्यवस्था आज कोणास क्षुल्लक वाटेल. पण त्या काळच्या खेळाचा पाया तीच होती, असे आमचे मत आहे.

रहीमसाहेबांची शिकविण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. उजव्या पायाने खेळणाऱ्यास केवळ डाव्या पायानेच चेंडू मारावयास लावणाऱ्या स्पर्धा त्यांनी भरविल्या. चेंडू पायात घोळविण्यास मनाई असलेल्याही स्पर्धा भरविल्या. चेंडू आला की एकाच स्पर्शात साथीदाराकडे द्यावयाचा, हा त्यामागील हेतू. त्या काळी आपल्याकडे जो गडी चार जणांना चकवून पुढे जाई त्याचीच वाहवा होई. हैदराबादच्या शिक्षकाने मात्र मुलांना सांगितले, की चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो, तेव्हा त्यालाच धावू द्या.

त्या वेळचा खेळ आजच्याहून कितीतरी वेगळा होता. बरेच भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपण अनवाणी पायांनी फ्रान्सशी झुंजलो व २-१ असे थोडक्यात हरलो. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत मात्र युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले. आपला एकच झाला. त्यानंतर बूट सक्तीचे करण्यात आले. आपल्याकडील सामनेही पुरत्या नव्वद मिनिटांचे नसत. त्यामुळे परदेशी गेले की शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या मुलांचा दम उखडे. दुखापत झालेल्या गड्याच्या जागी दुसरा येत नसे. लंगडत का होईना, त्यानेच उभे राहावयाचे. पिवळे व तांबडे पत्रक विश्वचषकात १९७० मध्ये आले. साथीदाराने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, हा नियम १९९२ चा. आज एका सामन्यात पाच बदली खेळाडू घेता येतात. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना हे पाच बदली मुळीच पसंत नाहीत. "ह्याला काय खेळ म्हणावयाचे, फादर? ही तर पाळी बदलणे झाले!" असे ते म्हणतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. मोडल्या पायाच्या मुलास मैदानात उभे ठेवण्यात शौर्य असेल, पण शहाणपण नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे जुने राज्य मोडले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला, हे आपणास ठाऊक आहेच. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या शिष्यांनी यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. त्यांपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा ह्यांचे. संघात हैदराबाद-सिकंदराबादचे किती गडी होते पाहा : तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन. त्या वर्षी भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण अद्यापि गेलेलो नाही.

सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत प्रेक्षकांचा सारा रोष सोशीत भारताने दक्षिण कोरियास २-१ ने नमवून सुवर्णपदक मिळविले. गोलात उंचापुरा थंगराज होता आणि मधल्या फळीत गोव्याच्या कोलवाळ गावचे फॉर्च्युनाटो फ्रँको. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले.

त्यापुढील कथा एका दिवसात घडलेली नाही. संतोष चषक हैदराबादने पन्नाशीच्या दशकात दोनदा जिंकला होता; १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशाच्या नावाने तो पुन्हा आला. परंतु चांगले गडी कलकत्त्याची वाट धरू लागले. बलराम आधीच ईस्ट बंगालकडे गेले होते. महंमद हबीबही गेले. १९७७ मध्ये पेले आपला कॉसमॉस संघ घेऊन ईडन गार्डन्सवर आले, तेव्हा मोहन बागानने त्यांस २-२ असे रोखले. त्यांतील एक गोल हैदराबादच्या हबीबचा होता. कलकत्त्याने ह्या मुलांना नाव दिले, हे खरे. पण गल्लीतील धाकट्या भावंडांसमोरून खेळणारा थोरला भाऊ उठून गेला, हेही तितकेच खरे. पोलीस संघाचे तेज ओसरले. क्रिकेटने मुलांची मने जिंकली, आणि वाढत्या शहराने मैदाने गिळली. क्रिकेटला दोष देण्यात अर्थ नाही. मैदान शिल्लक असते तर मुले दोन्ही खेळ खेळली असती.

मग पैशाचा काळ आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तीत पुण्याचाही एक संघ होता. बालेवाडीस त्याचे सामने होत. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याची जागा नव्या हैदराबाद एफ. सी. संघास मिळाली. पहिल्या वर्षी हा संघ तळाशी राहिला. पण २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर त्याने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध विजेतेपद मिळविले. सामना हातचा गेला असे वाटत असता साहिल तावोरा ह्या गोव्याच्या मुलाने बरोबरीचा गोल केला, आणि नंतर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टिमणी, तोही गोव्याचाच, ह्याने तीन पेनल्टी अडविल्या. सर्वाधिक गोल करणारा ओगबेचे नायजेरियाचा, मार्गदर्शक मानोलो मार्केझ स्पेनचा. खेळ देखणा होता, ह्यात शंका नाही. शारीरिक तयारी, आहार, प्रत्येक हालचालीची चित्रफीत पाहून केलेला अभ्यास, हे सारे रहीमसाहेबांना स्वप्नवत वाटले असते. मात्र १९५६ च्या यादीशी हा संघ ताडून पाहिला, तर शहराच्या गल्लीबोळांत वाढलेली नावे जवळजवळ दिसतच नाहीत.

दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकल्याच्या वार्ता आल्या. संघ पुन्हा तळाशी गेला. २०२५ मध्ये तो नाव बदलून दिल्लीस हलविण्यात आला. पुण्याचा संघ बंद झाला म्हणून हैदराबादला मिळाला, हैदराबादचा दिल्लीने नेला. दुकानाची पाटी हलवावी तसा संघ हलतो. त्याच वर्षी मुंबईत रग्बीची एक नवी व्यावसायिक स्पर्धा झाली. तीतही ‘हैदराबाद हीरोज’ नावाचा संघ होता. त्याचे सारे सामने अंधेरीस झाले. नाव एका गावाचे, सामने दुसऱ्याच गावी, हा आताचा रिवाज दिसतो. पोलीस संघ मात्र हैदराबादेतून कोणास उचलून नेता आला नसता, कारण त्याचे गडी तेथल्याच चौक्यांवर कामाला होते.

हे सारे आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना व तरुणांना थोडक्यात सांगितले. तोवर बांधावर काळोख पडू लागला होता. उठताना तरुणांपैकी एकाने विचारले, "फादर, डाव्या पायाची ती स्पर्धा आपल्याकडे भरविता येईल का?" नाताळच्या सुट्टीत ती भरविण्याचे ठरले आहे. वय बारा वर्षांच्या आत हवे. बूट नसले तरी चालेल. उजव्या पायाने चेंडू मारणारा पकडण्यासाठी बांधावर आपले वृद्ध गृहस्थ शिटी घेऊन बसणार आहेत. नावे रविवारच्या मिस्सानंतर द्यावीत.