वासराचे टॉनिक : बाटलीवरचा आकडा वाचून द्या

अचलपूर-परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत दुधाचा जोडधंदा करणाऱ्या आपल्या बांधवांच्या गोठ्यात आता अ, ड३ व ई जीवनसत्त्वांची बाटली हमखास दिसते. रेडकू अशक्त दिसले की मेडिकलमधून ती आणायची आणि रोज झाकणभर पाजायची. पैसा जातो, तरी रेडकू सुधारत नाही. असे का व्हावे?

नवजात वासराच्या अंगात अ जीवनसत्त्वाचा साठा फारच थोडा असतो, कारण गर्भात आईकडून ते फारसे उतरत नाही. तो साठा चिकातून मिळतो. म्हणून जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढण्याची शक्ती चिकातून रक्तात जाण्याची वाट साधारण एका दिवसात बंद होते. आता आपल्याकडची अडचण अशी की, उन्हाळ्यात गाभण म्हैस कडबा आणि कुटारावर असते. उन्हात वाळलेल्या व फार दिवस साठवलेल्या चाऱ्यात कॅरोटीन जवळपास उरत नाही, त्यामुळे तिच्या चिकातही अ कमी पडते. अशा रेडकाला दिवेलागणीला दिसत नाही, ते खुंटाला धडकते, डोळ्यांतून पाणी वाहते, हगवण व खोकला वरचेवर होतो. येथे पुरवणीचा खरा उपयोग आहे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे व्यायच्या आधी दोन महिने म्हशीला रोज थोडा हिरवा चारा.

आता हिशेब पाहू. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2001 साली वासराची अ ची दैनिक गरज वजनाच्या दर किलोला 110 युनिट धरली. म्हणजे 30 किलोच्या रेडकाला 3,300 युनिट. बाजारातल्या काही पातळ औषधांवर एका मिलिलिटरला 12,000 युनिट छापलेले असतात. पाच मिलिलिटरचे झाकण म्हणजे 60,000, गरजेच्या अठरापट! चार-आठ दिवसांनी वासरू मरत नाही हे खरे. पण अ, ड, ई ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे, जादा झालेली लघवीवाटे निघून न जाता अंगात साठतात. अ फार झाले की ई अंगी लागत नाही, आणि ई कमी पडले तर स्नायू दुबळे होतात. ड चा अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढून ते मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत साचू लागते. ऊन घेणाऱ्या वासराला ड वेगळे पाजण्याचे सहसा कारण नसते.

ब गटाचे वेगळे आहे. रवंथ सुरू झाले की पोटातले जंतूच ती तयार करतात. तोवर दूध ती पुरवते. पण दूध पोटात गेले तर! आपल्यापैकी कित्येक जण पान्हा सुटेपर्यंतच रेडकाला लावतात. दूध गिऱ्हाईकाला आणि रेडकाला टॉनिक, हा सौदा तोट्याचा आहे. टॉनिकात ताकद नाही, प्रथिने नाहीत. 30 किलोच्या रेडकाला पहिले काही आठवडे दिवसाला तीन लिटरच्या आसपास दूध लागते. वगार हातची गेली तर पुढची दुभती म्हैस बाजारातून विकत आणावी लागते, तिची किंमत आपल्याला ठाऊकच आहे.

वऱ्हाडात आणखी एक चूक होते. सरकीची ढेप घरोघरी असते, तीच लहान वासरापुढे टाकतात. तिच्यातला गॉसिपॉल मोठ्या जनावराच्या पोटात बराचसा निष्प्रभ होतो, दुधावरच्या वासराच्या नाही. तो लोह अडवतो व हृदयाला इजा करतो. तीन-चार महिन्यांपर्यंत शेंगदाण्याची ढेप बरी.

पोटात जंत असतील तर कोणतीही बाटली वाया जाते. म्हशीच्या दुधातूनच जंत रेडकात उतरतात. दहा-पंधरा दिवसांचे झाले की जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे. टॉनिक घेतानाही दवाखान्यात आधी वासराचे वजन सांगावे. तीनशे किलोच्या म्हशीची मात्रा तीस किलोच्या रेडकाला चालत नाही.