तालशिक्षण

तालशिक्षण : विद्यार्थ्याच्या ठिकाणी लय व ताल यांची जाण निर्माण करण्याची पद्धती. लय ही समान कालांतराची गती होय. तिला मात्रा, विभाग, सम व खाली यांनी आवर्तनात बांधले म्हणजे ताल सिद्ध होतो.

रत्नागिरी जिल्ह्यात जाखडी व नमन या लोककलांतून लयीचे संस्कार नकळत होतात. गायक-वादकांभोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारा मुलगा मात्रा न मोजताही लय सोडीत नाही. तोच तबल्याच्या वर्गात आला की त्याला आधी बोल मुखोद्गत करावे लागतात (पढंत), नंतर हाताने टाळी व खाली दाखवावी लागते. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) व वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपींमुळे तालाला दृश्य रूपही मिळाले. बालपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेल्या पलुस्करांनी लिपी रचावी, हे विशेषच म्हटले पाहिजे.

यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही. त्रितालात (१६ मात्रा) खाली नवव्या मात्रेवर दाखवितात. प्रचलित ठेक्यात मात्र नवव्या मात्रेवर ‘धा’च असतो आणि डग्ग्याची आस दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत थांबते. तेराव्या मात्रेवर तर टाळी असूनही बोल ‘ता’ असतो. केवळ कानावर विसंबणारा येथे हमखास चुकतो. रूपकात (७ मात्रा, ३-२-२) सम खालीवरच येते, त्यामुळे पहिल्या मात्रेवर आघात देण्याची पायांची सवय आड येते. अशा वेळी ‘तिं तिं ना’ म्हणत चालावयास लावणे उपयुक्त ठरते. स्वित्झर्लंडमधील एमील झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनीही शरीराच्या हालचालींतूनच लय शिकविली.

दृश्य, श्राव्य व कृतिप्रधान असे विद्यार्थ्यांचे प्रकार मानून प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीने शिकवावे, हे मत शिक्षकांत लोकप्रिय आहे. तथापि हॅरल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्यास पुरेसा पुरावा आढळला नाही. विद्यार्थ्यांची आवड व पूर्वतयारी भिन्न असते, हे खरे; म्हणून आरंभ कोठून करावयाचा, ते शिक्षकाने विद्यार्थी पाहून ठरवावे. जाखडीत मुरलेल्याला पायांपासून, वाचनाची सवय असलेल्याला लिपीपासून प्रारंभ करून देता येतो. पण पहिल्याला पुढे लिपी आणि दुसऱ्याला हातटाळी टाळता येत नाही. कारण साथीला बसल्यावर गायकाची सम कानाने, ठेका हाताने आणि आवर्तन मनाने एकाच वेळी सांभाळावे लागते.